सायलेन्सरच्या आधी काय काय असतं? एक पी०४२० आणि गाडीखालचा सगळा पसारा

घाटवळण, पुणे · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

पेट्रोल हॅचबॅक, २०१४ची, बीएस४, सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास. मागच्या आठवड्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०४२०. गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर न घेताच निकाल सुनावला: "कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलं. मॅनिफोल्डला जोडलेलंच येतं, अख्खी असेंब्ली टाकावी लागेल." त्याने सांगितलेल्या आकड्यात बरी सेकंडहँड बाइक येईल.

बाकी लक्षणं अशी. सकाळी थंड गाडी सुरू केली की बॉनेटखालून बारीक टकटक येते, थोड्या वेळात जाते. ॲव्हरेज जरा उतरलंय. पिकअपची तक्रार नाही. पीयूसी पास आहे.

इंजिनपासून मागच्या नळीपर्यंत मध्ये काय काय असतं, कोण काय काम करतं आणि कोण बिघडलं की गाडी काय लक्षण दाखवते, हे समजल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही असं ठरवलंय. जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

---

पाना_१३, चिंचवड · मंगळवार, रात्री १०.२५

टकटक लिहिलीत ते बरं केलंत. आणि गाडी वर न घेता कॅटचं निदान करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

पुढून सुरुवात करू. सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो तो आधी मॅनिफोल्डमध्ये. चार तोंडं एका नळीत आणायची, एवढंच त्याचं काम. जुन्या गाड्यांना बिडाचा असायचा, आता बहुतेक पत्र्याच्या किंवा स्टीलच्या नळ्यांचा. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड लोखंडाचा. तापल्यावर दोघं वेगवेगळं फुगतात, म्हणून मधलं पॅकिंग रोज थोडं थोडं घासलं जातं आणि कडेचे स्टड (आवळून धरणारे बोल्ट) ताण खातात. स्टड तुटला की तिथे बारीक फट पडते. थंड इंजिनला त्या फटीतून प्रत्येक स्ट्रोकला वायू सुटतो, तीच टकटक. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज जातो. टॅपेटचा आवाजही असाच वाटतो, म्हणून फट डोळ्यांनी बघायची. फट असेल तिथे हेडवर काजळीचा काळा फराटा दिसतो. हीट शील्ड काढून टॉर्च मारली की झालं, त्याला स्कॅनर लागत नाही.

मॅनिफोल्डनंतर पहिला ऑक्सिजन सेन्सर, मग कॅट, मग दुसरा सेन्सर. तुमच्या गाडीत हे सगळं इंजिनला चिकटून आहे. त्याच्याखाली जाळीचा पाइप, म्हणजे फ्लेक्स. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असतं, रेस दिली की ते पुढे-मागे डुलतं. मागचा सात-आठ फुटांचा पाइप गाडीच्या तळाला टांगलेला असतो, तो डुलत नाही. मधला हा लवचीक तुकडा नसता तर मॅनिफोल्डला वर्षभरात चीर गेली असती. फ्लेक्सची बाहेरची जाळी उसवलेली चालते, आतली घडीची नळी फाटली की ट्रॅक्टरसारखा आवाज येतो. फक्त तो तुकडा कापून नवा वेल्ड करता येतो, पूर्ण पाइप बदलायची गरज नसते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, काही खरं नाही.

मागचं उद्या लिहितो.

---

खडीसाखर · मंगळवार, रात्री १०.५१

वाचनखूण साठवली. काका, उद्याची वाट बघतेय.

---

लॅम्बडा_एक · मंगळवार, रात्री ११.३०

उत्सर्जनाच्या कॅलिब्रेशनमध्ये काम करते, म्हणून सेन्सर आणि कॅटबद्दल माझे दोन पैसे.

पी०४२० म्हणजे "कॅट मेलं" असं नाही. ईसीयूला एवढंच म्हणायचं असतं की दोन सेन्सरच्या वागण्यात पुरेसा फरक मला दिसत नाही.

पहिला सेन्सर कॅटच्या आधी बसतो. बीएस४ गाड्यांमध्ये बहुधा साधा स्विचिंग सेन्सर असतो. वायूत ऑक्सिजन उरला असेल तर साधारण ०.१ व्होल्ट, उरला नसेल तर ०.९ व्होल्ट दाखवतो. ईसीयू त्याच्याकडे बघून पेट्रोल थोडं वाढवतं, थोडं कमी करतं, त्यामुळे त्याचा आलेख सतत वरखाली नाचतो. ही वरखाली मुद्दाम केलेली असते. कॅटच्या आत सिरियम ऑक्साइड असतं, ते जास्तीचा ऑक्सिजन साठवतं आणि कमी पडला की सोडतं. म्हणून कॅट धड असेल तर मागच्या सेन्सरपर्यंत ही हेलकावणी पोचत नाही, तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत बसतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला की ईसीयू म्हणतं, साठवण संपली, पी०४२०.

आता गंमत बघा. मागच्या सेन्सरच्या तोंडाशी जॉइंट गळत असेल तरीही तो नाचतो, कारण त्याला बाहेरची हवा लागते. कॅट बिचारं निर्दोष असतं. "पण एक्झॉस्टमध्ये तर दाब असतो, हवा आत कशी येईल?" हा प्रश्न नव्या इंजिनीअर मुलांनाही पडतो. दाब सलग नसतो. प्रत्येक सिलिंडरचा वायू एकेका ठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्याच फटीतून एका क्षणी वायू बाहेर, दुसऱ्या क्षणी हवा आत.

पाना काका म्हणतात ती गळती मॅनिफोल्डपाशी असेल तर पहिला सेन्सरही फसतो. त्याला फुकटचा ऑक्सिजन दिसतो, तो सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू भाबडेपणाने पेट्रोल वाढवतं. तुमचं उतरलेलं ॲव्हरेज तिथून आलेलं असू शकतं.

घाटवळण, स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतंय-घटवतंय तो आकडा, बघा. शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (साठत आलेला) दोन्ही, न्यूट्रलला आणि मग २५०० आरपीएम धरून. शिवाय पीयूसीच्या कागदावर लॅम्बडाचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, नेमकं असेल तर १) आकडा छापला असेल तर तोही द्या.

---

तांबडापांढरा, कोल्हापूर · बुधवार, सकाळी ७.१५

एवढं कशाला डोकं लावताय राव. आमच्याकडं कॅट उभं कापत्यात, आतली जाळी फोडून काढत्यात आणि परत वेल्ड मारत्यात. वरनं बघितलं तर कळत पण नाही. मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला पाइपातून बाहेर सरकवणारा तुकडा) लावला की लाइट बंद. गाडी लई पळतीय, माझ्या मावसभावाची दोन वर्षं झाली चालू हाय.

---

लॅम्बडा_एक · बुधवार, सकाळी ९.०५

तांबडापांढरा, "लई पळतीय" हे वाढलेल्या आवाजाने वाटतं. धड कॅट वायूला फारसं अडवत नाही. अडवतं ते वितळून बुजलेलं कॅट, आणि ते काढून टाकलं तर फरक जाणवणारच.

ती जाळी काय असते ते लिहिते, मग फोडायची की नाही ते ठरवा. कॉर्डिएराइट नावाची सिरॅमिक, मधाच्या पोळ्यासारखी, एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं. भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. सगळे मिळून काही ग्रॅमच, पण किंमत त्यांचीच. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन ऑक्साइड फुटून पुन्हा नायट्रोजन होतो. शेवटचं काम मुख्यतः ऱ्होडियमचं. तिन्ही कामं एकाच वेळी व्हायची तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावं लागतं, म्हणून सेन्सरचा एवढा बडेजाव. आणि हे सुरू होतं अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे. थंड गाडीचं कॅट झोपलेलंच असतं. बीएस६मध्ये ते इंजिनला इतकं चिकटवलं जातं त्याचं कारण हेच, लवकर तापावं.

आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचं झालं १ एप्रिल १९९५ला आणि त्याच वेळी तिथे शिसेविरहित पेट्रोल आलं. शिसं त्या मौल्यवान धातूंवर थर देऊन कॅट निकामी करतं, त्यामुळे एक आणल्याशिवाय दुसरं आणता येत नव्हतं. देशभर शिसं बंद व्हायला २००० साल उजाडलं. पंपावर "अनलेडेड"ची वेगळी पाटी होती ती आठवणारे इथे असतील.

पोकळ कॅटवाली गाडी चौकात उभी असते तेव्हा बाजूच्या स्कूटरवर कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ बघा.

---

पाना_१३, चिंचवड · बुधवार, सकाळी ९.४०

ताईंशी सहमत. शिवाय गॅरेजवाला जुनं कॅट "टाकून देतो" म्हणाला तर टाकू देऊ नका. जुनं कॅट परत मागायचं. भंगारात त्याला वेगळा भाव असतो आणि तो भाव कुणाच्या खिशात जातो ते ओळखा.

---

तांबडापांढरा, कोल्हापूर · बुधवार, सकाळी ११.०२

ताई, लेकराचं बोललात ते लागलं. मावसभावाला धागा पाठवतो. पण एक शंका राहतीय. सायलेन्सरला बॅक प्रेशर लागतंच म्हणत्यात. मोकळा पाइप लावला की खालचा टॉर्क जातो. ते खरं का खोटं?

---

लॅम्बडा_एक · बुधवार, दुपारी १.२०

टॉर्क जातो हे खरं, कारण चुकीचं सांगितलं जातं. मागे रेटणारा दाब इंजिनला कधीच नको असतो. हवा असतो तो वायूचा वेग. बेताच्या व्यासाच्या नळीतून वेगाने गेलेला वायूचा एक ठोका आपल्यामागे कमी दाबाची पोकळी सोडतो, आणि ती पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. वाजवीपेक्षा रुंद पाइप टाकला की कमी आरपीएमला वेग मरतो आणि ही ओढ जाते. लोकांना वाटतं दाब गेला म्हणून टॉर्क गेला. चार नळ्यांच्या आधी दोन आणि मग एक करायची ती हेडरची (नळ्यांच्या मॅनिफोल्डची) रचना याच हिशोबाने असते, कुठले दोन सिलिंडर जोडीला घ्यायचे ते फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) बघून.

---

राजदूत_ते_रिक्षा · बुधवार, दुपारी २.४५

अवांतर: बॅक प्रेशरची ही दंतकथा टू-स्ट्रोकच्या जमान्यातून आली असावी असं मला वाटतं. यामाहाची आरएक्स १०० आठवतेय का? तिच्या सायलेन्सरचा पोटातला आकार नुसता आवाजासाठी नव्हता. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना थोडं सरळ एक्झॉस्टमधून निसटतं. पाइपच्या निमुळत्या टोकावरून परत येणारी दाबाची लाट ते निसटलेलं मिश्रण नेमक्या वेळी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तिथे पाइप हा इंजिनचाच भाग. ही विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वॉल्टर काडेनने पक्की केली आणि १९६१मध्ये त्यांचाच रायडर एर्न्स्ट डेग्नर पळून गेला, त्याच्याबरोबर ती सुझुकीकडे पोचली. आम्ही मात्र कॉलेजात असताना आरएक्सची जाळी काढून गल्लीला उठवायचो आणि त्याला ट्यूनिंग म्हणायचो. फोर-स्ट्रोकला यातलं काही जसंच्या तसं लागू नाही.

---

खडीसाखर · बुधवार, दुपारी ३.१०

डेग्नरवर वेगळा धागा काढा की! आणि पाना काका, मागचा भाग राहिला.

---

पाना_१३, चिंचवड · बुधवार, रात्री ९.१५

हो, लिहितो.

फ्लेक्सच्या मागे मधला छोटा डबा, तो रेझोनेटर. शेवटचा मोठा डबा म्हणजे सायलेन्सर. आवाज मारायच्या दोन तऱ्हा. एक, आत कप्पे आणि भोकांच्या नळ्या, आवाजाची लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. दुसरी, भोकाच्या नळीभोवती काचेची किंवा दगडाची लोकर, ती आवाज पिते. घरगुती गाड्यांत बहुतेक पहिली असते, काहींत दोन्ही. रेझोनेटर एका ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये होणारी घूं घूं मारतो. तो काढून सरळ पाइप टाकला की हायवेवर ऐंशीला कान दुखतात, आणि माणूस दोष टायरला देतो.

हे सगळं रबराच्या कड्यांवर टांगलेलं असतं. कडी तुटली की पाइप ॲक्सलला किंवा तळाला ठोकतो, स्पीडब्रेकरवर "ठक" येतं. अगदी स्वस्त रबर, पण ते वेळेत न बदलल्यामुळे फ्लेक्स फाटलेले मी खूप पाहिलेत. हीट शील्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा. त्याचा बोल्ट गंजून गेला की ठरावीक आरपीएमला झिणझिण. मोठा जुबिली क्लिप आवळला की गप्प. झिणझिणतो म्हणून तो पत्रा काढून फेकणारे महाभाग आहेत. कॅटचा डबा पाचशे अंशांच्या वर असतो आणि ज्या गाड्यांत तो तळाशी असतो तिथे त्याच्यावर कार्पेट आणि वायरिंग असतं. उन्हाळ्यात सड्यावर किंवा माळावर वाळल्या गवतात गाडी लावताना हेही ध्यानात असू द्या, गवत पेटतं.

कॅटवर रबरी हातोडीने हळू टिचकी मारा. आत खळखळ वाजलं तर जाळी फुटली. ती फुटायला कारण लागतं, आपोआप फुटत नाही. बहुतेक वेळा मिसफायर. प्लग किंवा कॉइल गेलेली असते, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. म्हणून चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घ्यायची. स्थिर दिवा दोन दिवस थांबतो, लुकलुकणारा थांबत नाही.

---

भरतीओहोटी, रत्नागिरी · गुरुवार, सकाळी ८.३०

आमच्याकडे खारी हवा नि चार महिने पाऊस, त्यामुळे गंजाचा अनुभव दांडगा. पण सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतून जास्त कुजतो, हे लोकांना पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निघतं. गाडी लांब चालली तर ती वाफ निघून जाते. घर ते बाजार, बाजार ते घर असं चाललं की मागचा डबा तापतच नाही, वाफ तिथेच थंड होऊन साचते, वर आम्लाचा अंश असतो. म्हणून पुढचा भाग ठणठणीत आणि शेवटचा डबा चाळणी. सीएनजीत हायड्रोजनचं प्रमाण जास्त, पाणीही जास्त, त्यांचे डबे आणखी लवकर जातात.

सकाळी नळीतून पाणी टपकतं म्हणून घाबरून फोन करणारे दर हिवाळ्यात भेटतात. टपकू दे. पांढरी वाफ दोन मिनिटांत विरली तर काही नाही. विरत नसेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघा. निळसर धूर ऑइलचा, काळा जास्त पेट्रोलचा.

बऱ्याच डब्यांना खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं, पाणी निघायला. आमच्या आळीतल्या एकाने ते "लीकेज" समजून एम-सील लावून बुजवलंन. पुढच्या पावसाळ्यात डब्याचा तळ हातात आला.

---

खडीसाखर · गुरुवार, सकाळी ८.५५

तुंबलेल्या पाण्यातून जाताना मागच्या नळीतून इंजिनमध्ये पाणी शिरतं का? मुंबईत दर जुलैला हा प्रश्न पडतो.

---

भरतीओहोटी, रत्नागिरी · गुरुवार, सकाळी ९.२०

इंजिन चालू असेल तर वायूचा दाब पाणी बाहेर लोटतो. खरा धोका पुढून, एअर फिल्टरच्या तोंडातून. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन दाबायला जातो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टो करून न्यायची. २६ जुलै २००५नंतर मुंबईतल्या मेकॅनिकांनी हे घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंय.

---

मिशिगनचा_बाळ्या · गुरुवार, सकाळी ९.५०

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रत्नागिरीकरांचं दुःख समजतं. अलीकडे बहुतेक पाइप ४०९ स्टेनलेसचे असतात. स्टेनलेस म्हणून चुंबक चिकटणार नाही असं समजून दुकानदाराशी भांडू नका, ४०९ला चुंबक चिकटतं. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे वरून तपकिरी पडतो, पण आरपार कुजायला वेळ घेतो. वरचा रंग बघून पाइप बदलू नका, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

इकडे कॅटची चोरी ही वेगळीच डोकेदुखी आहे. गाडी जॅकवर उचलायची, करवत चालवायची, दोन मिनिटांत काम तमाम. हायब्रिड गाड्या जास्त लक्ष्य, कारण त्यांचं इंजिन कमी चालतं आणि कॅटमधले धातू कमी झिजलेले असतात.

थंडीमुळे आणखी एक. पाइप गळका असेल तर बंद गॅरेजमध्ये किंवा बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसणं जिवावर बेततं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. तिकडे एसी लावून गाडीत झोपणाऱ्यांनाही हे लागू.

---

घाटवळण, पुणे · गुरुवार, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. मित्राचा ब्लूटूथ स्कॅनर मिळाला, आकडे देतो.

लाँग ट्रिम न्यूट्रलला अधिक १४, २५०० आरपीएमला अधिक ५. मागच्या सेन्सरचा आलेख नाचतोय, पण पुढच्याइतका नाही, मध्येच ०.१च्या जवळ डुबकी मारून येतो. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के, लॅम्बडा १.०३.

---

लॅम्बडा_एक · गुरुवार, रात्री ९.००

छान काम केलंत. आता वाचू.

ट्रिम अधिक १४ म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा १४ टक्के जास्त पेट्रोल ओततंय. आरपीएम वाढल्यावर कमी होतंय. फट ठरावीक मापाची असते, वायूचा प्रवाह वाढला की तिचा वाटा कमी होतो, म्हणून हा आकडा गळतीकडे बोट दाखवतो. इनटेकच्या बाजूची हवा गळतीही असाच आकडा देते, पण तुमच्याकडे टकटक आहे, म्हणून आधी मॅनिफोल्ड.

लॅम्बडा जास्त रंजक आहे. गळती फक्त पहिल्या सेन्सरच्या आधी असती तर ईसीयूने पेट्रोल वाढवून हिशोब जुळवला असता आणि मागे लॅम्बडा १च्या जवळ आला असता. १.०३ ही पीयूसीची वरची मर्यादाच आहे. म्हणजे पहिल्या सेन्सरच्या नंतरही कुठेतरी हवा शिरतेय. पीयूसीवाल्याने नळीत प्रोब पुरती खुपसली नाही तरी हाच आकडा येतो, तेव्हा हा पुरावा अर्धाच धरा. पण मागच्या सेन्सरच्या डुबक्या त्याच्याशी जुळतात. मेलेल्या कॅटचा आलेख पुढच्या सेन्सरच्या तालावर नाचतो, मध्येच अशा डुबक्या मारत नाही.

माझा अंदाज: दोन गळत्या. एक मॅनिफोल्डला, एक कॅटच्या खालच्या फ्लँजला (पाइपच्या जोडाच्या कड्याला), मागच्या सेन्सरच्या जवळ. कॅटला अजून फाशी देऊ नका.

---

पाना_१३, चिंचवड · गुरुवार, रात्री ९.३५

तपासायचं असं. गाडी रात्रभर थंड झालेली पाहिजे. सकाळी एकाने जाड ओलं फडकं मागच्या नळीवर दाबून धरायचं, दुसऱ्याने इंजिन सुरू करायचं. क्षणभरच. जिथे फट असेल तिथून फुसफुस ऐकू येते. जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. गरम गाडीला हा उद्योग करू नका, हात भाजेल आणि फटही सापडणार नाही.

---

नागपुरी_डिझेल · शुक्रवार, सकाळी १०.१५

माझं डिझेल बीएस६. डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा दर महिन्याला लागतो. ऑफिस घरापासून चार किलोमीटर. सर्व्हिसवाले म्हणतात हायवेवर फिरवून आणा. हा कुठला उपाय झाला?

---

लॅम्बडा_एक · शुक्रवार, सकाळी ११.४०

उपाय तोच आहे, फक्त नीट समजावून सांगत नाहीत.

तुमच्या गाडीत आधी डिझेलचं ऑक्सिडेशन कॅट, मग डीपीएफ. डीपीएफची जाळी अशी की एका बाजूने उघडी नळी दुसऱ्या बाजूने बंद, त्यामुळे वायूला भिंतीतून झिरपावं लागतं आणि काजळी मागे राहते. ती जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश लागतात. डिझेलचा वायू शहरात तेवढा तापत नाही, म्हणून ईसीयू उशिरा जास्तीचं डिझेल फवारून मुद्दाम तापवतं. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तुम्ही चार किलोमीटरनंतर चावी काढता. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेतलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदला. ऑइलही कमी राखेचंच हवं, राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

दिवा लागला की वर्धा रोडला निघा, एक गिअर खाली ठेवून २००० आरपीएमच्या वर वीस मिनिटं सलग चालवा. न्यूट्रलला आरपीएम नेहमीपेक्षा वर आणि पंखा जोरात असेल तर काम चालू आहे, तेव्हा बंद करू नका. ॲडब्लूची टाकी असेल तर त्यात फक्त सीलबंद ॲडब्लूच. ३२.५ टक्के युरिया आणि शुद्ध पाणी असतं ते, शेतीच्या युरियाचं घरगुती द्रावण करून ओतलं तर एससीआरचा (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणेचा) इंजेक्टर स्फटिकांनी बुजतो.

आणि रोज चार किलोमीटर असतील तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका.

---

नागपुरी_डिझेल · शुक्रवार, दुपारी १२.०५

शेवटची ओळ शोरूमवाल्यानं सांगायला पाहिजे होती ना बाप्पा.

---

संपादक मंडळ · शुक्रवार, दुपारी ४.००

ई२० इंधनावरचे प्रतिसाद त्या विषयाच्या स्वतंत्र धाग्यावर हलवले आहेत. इथे एक्झॉस्टपुरतं बोलावं.

---

घाटवळण, पुणे · पुढचा मंगळवार, रात्री ८.५०

झालं एकदाचं. दुसऱ्या गॅरेजमध्ये फडक्याची चाचणी केली. मॅनिफोल्डच्या चौथ्या सिलिंडरकडचा कडेचा स्टड तुटलेला, शेजारी काका म्हणाले तसा काळा फराटा. आणि कॅटच्या खालच्या फ्लँजची रिंग जळून एका बाजूने संपलेली, मागच्या सेन्सरच्या अगदी वरच.

तुटलेला स्टड काढायला लेथवाल्याकडे हेलपाटा झाला. त्याने मॅनिफोल्डचा फेस पट्टी लावून तपासला, किंचित वाकडा होता, घासून सरळ केला. पॅकिंग, सगळे स्टड, रिंग नवीन. कोड पुसला. लाँग ट्रिम आता अधिक ३, मागचा सेन्सर ०.६५ला बसून आहे. मुंबईला जाऊन आलो, स्कॅनरवर कॅटची तपासणी पूर्ण झालेली दिसते आणि कोड परत आलेला नाही. खर्च पहिल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्याही आत.

एक विचारायचं राहिलं. मागच्या डब्याची दोन रबरं चिरलेली दिसतात, तुटली नाहीत. आत्ताच बदलू की तुटल्यावर?

---

पाना_१३, चिंचवड · पुढचा मंगळवार, रात्री ९.२०

आत्ताच, आणि चारही. दोन नवी आणि दोन ढिली ठेवली तर पाइप एका बाजूला लोंबतो आणि ताण पुन्हा तुमच्या नव्या रिंगवर येतो. बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, रबर फुगतं.